स्कूबी-डू ऑन झोम्बी आयलंड

स्कूबी-डू ऑन झोम्बी आयलंड हा १९९८ सालचा अमेरिकन ॲनिमेशनपट असून तो भयकथा व रहस्यकथा या दोन्ही प्रकारांत मोडतो. हॅना-बार्बेरा या संस्थेने वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याची निर्मिती केली. चित्रपटगृहांत न येता तो २२ सप्टेंबर १९९८ रोजी थेट व्हिडिओ कॅसेटवर प्रदर्शित झाला. जिम स्टेनस्ट्रम यांनी दिग्दर्शन केले, पटकथा ग्लेन लिओपोल्ड यांची आहे आणि चित्रांकनाचे काम जपानमधील मूक ॲनिमेशन या स्टुडिओने केले. चित्रपटाची लांबी सुमारे ७७ मिनिटे आहे.

अनेक वर्षांनी एकत्र आलेले चार मित्र व त्यांचा कुत्रा लुइझियानातील एका झपाटलेल्या बेटाचा शोध घेतात, अशी ही कथा आहे. १९६९ पासून चालत आलेल्या स्कूबी-डू मालिकांचा ठरलेला शेवट म्हणजे भुताचा मुखवटा ओढला जाणे आणि आत एखादा लबाड माणूस सापडणे. या चित्रपटाने तो शेवट मोडला. येथे मुखवटा ओढायला गेल्यावर प्रेताचे मुंडकेच हातात येते. या एका बदलामुळे स्कूबी-डूच्या इतिहासात या चित्रपटाला वेगळे स्थान मिळाले आहे.

शीर्षकातील 'झोम्बी' या शब्दाचा अर्थ चालते-फिरते प्रेत असा आहे. झटापट या अर्थाचा मराठी शब्द 'झोंबी' किंवा आनंद यादव यांची त्याच नावाची कादंबरी यांच्याशी त्याचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' ही मूळ मालिका १३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. जो रूबी व केन स्पिअर्स यांनी ती घडवली आणि इवाओ ताकामोटो यांनी पात्रांची रेखाटने केली. फ्रेड जोन्स, डॅफ्नी ब्लेक, व्हेल्मा डिंकली, शॅगी रॉजर्स आणि ग्रेट डेन जातीचा भित्रा कुत्रा स्कूबी ही पाच जणांची टोळी 'मिस्ट्री मशीन' नावाच्या गाडीतून फिरते आणि भुताटकीची प्रकरणे उलगडते. जमीन लाटण्यासाठी, तस्करी लपवण्यासाठी किंवा वारसा हडपण्यासाठी कोणीतरी भुताचे सोंग घेतलेले असते, असाच उलगडा जवळजवळ प्रत्येक भागात होई. भूत नसते, लोभी माणूस असतो, असा या मालिकेचा बुद्धिवादी संकेत होता.

हा संकेत यापूर्वी कधीच मोडला नव्हता असे म्हणता येणार नाही. १९८५ च्या 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू' या मालिकेत, तसेच १९८७-८८ मधील 'मीट्स द बू ब्रदर्स', 'घूल स्कूल' आणि 'रिलक्टंट वेअरवुल्फ' या दूरचित्रवाणी चित्रपटांत खरी भुते होती. परंतु ती विनोदी, निरुपद्रवी आणि बहुधा स्कूबीशी मैत्री करणारी होती. त्यांना कोणी घाबरावे अशी अपेक्षाच नव्हती. फ्रेड व व्हेल्मा या काळातील अनेक कथांत दिसतही नाहीत आणि त्यांच्या जागी स्कूबीचा पुतण्या स्क्रॅपी-डू येतो.

१९९० च्या दशकात नवी स्कूबी-डू मालिका सुरू झाली नाही. १९९४ चा 'अरेबियन नाइट्स' हा दूरचित्रवाणी चित्रपट सोडल्यास नवे असे फारसे काही नव्हते. मात्र १९९२ मध्ये सुरू झालेल्या कार्टून नेटवर्क वाहिनीवर जुने भाग सतत दाखवले जात आणि त्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभत होता. १९९६ मध्ये टर्नर समूह टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाला. त्याबरोबर हॅना-बार्बेराही वॉर्नरच्या छत्राखाली आली आणि जुन्या पात्रांना घेऊन व्हिडिओ बाजारासाठी नवा चित्रपट काढण्याची कल्पना पुढे आली.

कथानक

चित्रपटाचा आरंभ जाणूनबुजून जुन्या धाटणीचा आहे. एका गढीत खंदकातील राक्षस टोळीचा पाठलाग करतो, सापळ्यात अडकतो आणि तो बनावट नोटा छापणारा बीमन नावाचा इसम निघतो. पुढच्याच दृश्यात कळते की ही जुनी आठवण असून डॅफ्नी ती एका मुलाखतीत सांगते आहे. टोळी केव्हाच फुटली आहे. तीच तीच प्रकरणे आणि तेच तेच मुखवटे यांना सर्व जण कंटाळले होते. डॅफ्नी आता दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम सादर करते आणि फ्रेड त्याचा निर्माता व छायाचित्रकार आहे. व्हेल्मा रहस्यकथांच्या पुस्तकांचे दुकान चालवते. शॅगी व स्कूबी विमानतळावर सीमाशुल्क विभागात नोकरीला लागतात आणि जप्त केलेले खाद्यपदार्थ फस्त केल्यामुळे ती गमावतात.

डॅफ्नीला आपल्या कार्यक्रमासाठी खरे भूत हवे आहे. तिच्या वाढदिवसानिमित्त फ्रेड जुन्या मित्रांना गोळा करतो आणि सर्व जण देशभर फिरू लागतात. वाटेत भेटणारे प्रत्येक भूत नेहमीप्रमाणे वेषांतर केलेला माणूसच निघते. अखेर न्यू ऑर्लिन्समध्ये लीना दुप्री ही तरुणी त्यांना भेटते. आपली मालकीण सिमोन लेन्वार हिचे मूनस्कार बेटावरील घर झपाटलेले आहे, असे ती सांगते. जॅक या नावाड्याच्या होडीतून टोळी तेथे पोहोचते. बेटावर मिरचीची मोठी लागवड आहे, बो नावाचा माळी आहे, घरभर मांजरे आहेत. दलदलीत स्नेकबाइट स्क्रग्ज नावाचा चिडखोर कोळी आपल्या डुकरासह एका अजस्र माशाच्या मागावर आहे. बेटाचे नाव मॉर्गन मूनस्कार या चाच्यावरून पडलेले आहे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपोआप अक्षरे कोरली जातात आणि पाहुण्यांना निघून जाण्यास बजावतात. आरशात यादवी युद्धातील एका सैनिकाचे भूत दिसते. फ्रेड प्रत्येक गोष्टीचे तर्काने स्पष्टीकरण देत राहतो. दरम्यान एका खड्ड्यात पडलेल्या शॅगी व स्कूबीसमोर मूनस्कारचे प्रेत जमिनीतून उठते. रात्री दलदलीतून प्रेतांची रांगच बाहेर येते. त्यांपैकी एकाला पकडून फ्रेड मुखवटा काढण्यासाठी त्याचे डोके ओढतो आणि ते धडापासून वेगळे होते. चित्रपटाचा मध्यबिंदू हाच आहे. त्यानंतर टोळीच्या जुन्या कौशल्यांपैकी बहुतेक निरुपयोगी ठरतात. शॅगी व स्कूबीला एका गुहेत मित्रांसारख्या दिसणाऱ्या मेणाच्या बाहुल्या सापडतात आणि ते त्यांच्याशी खेळू लागतात. तिकडे त्याच क्षणी फ्रेड, डॅफ्नी व व्हेल्मा यांचे हातपाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. विनोद व भीती एकाच प्रसंगात इतक्या सहजपणे क्वचितच एकत्र आल्या असतील.

सिमोनला झोम्बींनी फरफटत नेले, असे लीना सांगते. परंतु जमिनीवरील पावलांचे ठसे पाहून सिमोन स्वतःच्या पायांनी चालत गेली हे व्हेल्माच्या लक्षात येते. येथून खरे रहस्य उलगडते. दोनशे वर्षांपूर्वी सिमोन व लीना या बेटावर शेती करणाऱ्या वसाहतकऱ्यांपैकी होत्या आणि ते सर्व एका मार्जारदेवतेचे उपासक होते. मूनस्कारच्या चाच्यांनी हल्ला करून वसाहतीतील लोकांना दलदलीत हाकलले व ते मगरींच्या तोंडी गेले. बचावलेल्या या दोघींनी देवतेजवळ सूडाची मागणी केली. त्यांना मांजर-मानवाचे रूप मिळाले आणि त्यांनी चाच्यांना ठार केले. पण वर हाच शाप ठरला. अमरत्व टिकवण्यासाठी दर सुगीच्या पौर्णिमेला जिवंत माणसांची प्राणशक्ती शोषून घेणे त्यांना भाग पडले. ही पौर्णिमा शरदसंपाताच्या जवळची, म्हणजे साधारणपणे आपली भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमा होय. नावाडी जॅक अमरत्वाच्या मोबदल्यात त्यांच्यासाठी सावज आणून देतो. चाचे, सैनिक, प्रवासी असे दोन शतकांतील सर्व बळी म्हणजेच ते झोम्बी. पौर्णिमेला ते उठतात ते कोणाला खाण्यासाठी नव्हे, तर नव्याने आलेल्यांना घाबरवून पळवून लावण्यासाठी.

बाहुल्यांच्या साहाय्याने जखडलेल्या मित्रांचा बळी देण्याचा विधी सुरू असताना शॅगी व स्कूबी त्यात व्यत्यय आणतात. चंद्राची वेळ टळून जाते, मांजर-मानवांची धूळ होते आणि प्रेतांत अडकलेले आत्मे मुक्त होतात. माळी बो हा बेटावरील बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणारा गुप्त पोलीस असल्याचे उघड होते. डॅफ्नीला हवे असलेले खरे भूत अखेर सापडते, परंतु फ्रेडचा कॅमेरा चित्रणासह दलदलीत गेलेला असल्याने दाखवण्यासारखा पुरावा मात्र हाती राहत नाही.

बळी आणि गुन्हेगार

मूळ मालिकेत भूत म्हणजे गुन्हेगार. या चित्रपटात भयानक दिसणारे बळी आहेत आणि पाहुणचार करणाऱ्या गुन्हेगार. मुखवटा ओढण्याची कृती निष्फळ ठरली तरी मुखवट्याची कल्पना नाहीशी झालेली नाही. खरा मुखवटा सिमोन व लीना यांच्या माणुसकीचा आहे. म्हणून व्हेल्माची पावलांच्या ठशांवरून केलेली तर्कसंगती येथेही उपयोगी पडते. भुते खरी असली तरी साक्षीदार खोटे बोलू शकतो, हे तिने मालिकेच्या जुन्या शिस्तीतूनच ओळखलेले असते.

सिमोन व लीना यांच्यावर झालेला अन्यायही चित्रपट लपवत नाही. चाच्यांच्या हल्ल्याचे दृश्य लहान मुलांच्या चित्रपटाच्या मानाने कठोर आहे. त्यांचा पहिला सूड प्रेक्षकाला पटण्याजोगा आहे, पण त्यानंतर ज्यांनी काहीच केले नाही अशा माणसांचे बळी सुरू होतात. पूर्वीच्या स्कूबी-डू कथांतील खलनायकांचा हेतू बहुधा पैसा असे. दुःखातून जन्मलेला खलनायक या पात्रांच्या वाट्याला क्वचितच आला होता.

झोम्बी, वूडू आणि लुइझियाना

झोम्बीची कल्पना हैतीतून आली. फ्रेंच वसाहतीच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या श्रद्धांमध्ये तिचे मूळ आहे. हैतीतील लोककल्पनेत झोम्बी माणसे खात नाही. मांत्रिकाने ज्याची इच्छाशक्ती हिरावून घेतली आहे आणि ज्याला मेल्यावरही राबवले जात आहे, असा तो जीव असतो. तेथे भीती झोम्बीची नसते, झोम्बी होण्याची असते. गुलामगिरीत पिचलेल्या समाजाला मरणानंतरही सुटका नसणे ही सर्वांत भयंकर गोष्ट वाटली, यात नवल नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटानंतर मांसभक्षक प्रेतांचे रूप रूढ झाले. मूनस्कार बेटावरील झोम्बी दिसायला रोमेरोच्या परंपरेतील असले तरी स्वभावाने हैतीच्या जुन्या कल्पनेला अधिक जवळचे आहेत. मराठी वाचकाला येथे वेताळपंचविशीतील प्रेतात राहणारा वेताळ आठवेल. परंतु तो वाचाळ व चतुर असतो, तर झोम्बीला बोलता येत नाही. मूनस्कारच्या झोम्बींची शोकांतिका हीच आहे की सावध करायला येणाऱ्यांना शब्द नाहीत आणि त्यांच्या रूपामुळे त्यांचे कोणी ऐकतही नाही.

वूडू परंपरा लुइझियानात रुजण्यास हैतीतील क्रांतीही कारणीभूत ठरली. क्रांतीनंतर परागंदा झालेले हजारो लोक १८०९-१० मध्ये क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्सला आले आणि त्यांनी तेथील परंपरेत भर घातली. मेणाच्या बाहुलीतून शत्रूला पीडा देण्याची कल्पना मात्र या धर्मापेक्षा चित्रपट व पर्यटन व्यवसायातून अधिक पसरली आहे. चित्रपट ती चौकशी न करता स्वीकारतो, आणि ही त्याची एक उणीव म्हणावी लागेल. दुसरी उणीव अधिक ठळक आहे. दक्षिणेतील लागवडीचा वाडा आणि यादवी युद्धातील सैनिकांची भुते दाखवूनही गुलामगिरीचा उल्लेख कोठेच येत नाही.

मूनस्कार बेट काल्पनिक आहे. तथापि लुइझियानाच्या दक्षिण भागात एव्हरी आयलंड नावाचे ठिकाण खरोखर असून तेथे १८६८ पासून मिरचीचा टबॅस्को सॉस तयार केला जातो. त्याचप्रमाणे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी याच किनाऱ्यावरील बॅराटेरिया परिसरात झाँ लाफीत या चाच्याचा तळ होता. बायू म्हणजे संथ वाहणारे दलदलीचे पाणी, मगरी, शेवाळाने लोंबणारी झाडे आणि केजन लोकांचे तिखट जेवण या साऱ्या गोष्टी चित्रपटात त्या प्रदेशाच्या वास्तवातून आल्या आहेत.

निर्मिती

चित्रपटाची जबाबदारी डेव्हिस डोई यांच्याकडे होती. कथा डोई व लिओपोल्ड यांची असून कॉस अँझिलॉटी हे निर्माते होते. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांची नावे कार्यकारी निर्माते म्हणून आहेत. डोई, लिओपोल्ड, स्टेनस्ट्रम आणि मूक स्टुडिओ यांनी यापूर्वी 'स्वॅट कॅट्स' या मालिकेवर काम केले होते. त्या मालिकेसाठी लिओपोल्ड यांनी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न आलेल्या एका भागाच्या संहितेचा उपयोग या पटकथेसाठी झाला. स्वॅट कॅट्समधील जवळजवळ सर्व पात्रे मांजरे आहेत, हे लक्षात घेतल्यास लुइझियानाच्या दलदलीत मार्जारदेवता कोठून आली याचा उलगडा होतो. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये सुरू झाल्यावर स्वॅट कॅट्स येथील मुलांतही अतिशय लोकप्रिय झाली होती. त्यामुळे येथील त्या पिढीच्या प्रेक्षकाला दोन्हींतील छायाप्रकाशाचे साम्य सहज जाणवते.

स्टेनस्ट्रम हे वॉरन प्रकाशनाच्या भयचित्रकथा मासिकांचे माजी लेखक होते. मूक स्टुडिओची शैली जुन्या हॅना-बार्बेरा पद्धतीहून बरीच निराळी होती. जुन्या मालिकांत खर्च वाचवण्यासाठी तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा सरकत असे आणि पात्रांचे कपडे सहसा बदलत नसत. येथे चांदण्याचा निळसर उजेड, धुके, पाण्यातील प्रतिबिंबे आणि कुजलेल्या देहांचे तपशील काळजीपूर्वक रंगवले आहेत. सिमोन व लीना यांच्या रूपांतराचे दृश्य तर मोठ्यांच्या भयपटाला शोभेल असे आहे. डॅफ्नी व फ्रेड यांना या चित्रपटात नवा पेहराव देण्यात आला.

आवाज

१९६९ पासून स्कूबीला आवाज देणारे डॉन मेसिक यांचे २४ ऑक्टोबर १९९७ रोजी निधन झाले. हा चित्रपट त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. त्यांच्या जागी स्कॉट इनिस यांनी स्कूबीचा आवाज दिला. शॅगीचे मूळ आवाजकार केसी केसम यांनी एका बर्गर विक्री साखळीच्या जाहिरातीवरून झालेल्या मतभेदानंतर ही भूमिका सोडली होती. ते स्वतः कट्टर शाकाहारी होते. शॅगीही शाकाहारी असेल या अटीवर ते २००२ मध्ये परतले. या चित्रपटात शॅगीचा आवाज बिली वेस्ट यांचा आहे. व्हेल्मासाठी बी. जे. वॉर्ड आणि डॅफ्नीसाठी मेरी के बर्गमन यांची निवड झाली. बर्गमन यांचे पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९९ मध्ये निधन झाले. मूळ पाच जणांपैकी केवळ फ्रेडचा आवाज फ्रँक वेल्कर यांच्याकडेच राहिला.

सिमोनचा आवाज भयपटांतून प्रसिद्ध झालेल्या एड्रिएन बार्बो यांचा असून लीनासाठी तारा चॅरेंडॉफ (नंतरच्या तारा स्ट्राँग), जॅकसाठी जिम कमिंग्ज, बोसाठी कॅम क्लार्क आणि स्क्रग्जसाठी मार्क हॅमिल यांनी काम केले.

संगीत

पार्श्वसंगीत स्टीव्ह ब्रॅमसन यांचे आहे. मालिकेचे मूळ शीर्षकगीत थर्ड आय ब्लाइंड या रॉक वाद्यवृंदाने नव्याने सादर केले. 'इट्स टेरर टाइम अगेन' व 'द घोस्ट इज हिअर' ही पाठलागाच्या प्रसंगांतील दोन गीते ग्लेन लिओपोल्ड यांनी लिहिली असून ती स्कायसायकल या वाद्यवृंदाने गायली आहेत.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

कॅसेट बाजारात आल्यानंतर ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी, म्हणजे हॅलोवीनच्या दिवशी, चित्रपट कार्टून नेटवर्कवर दाखवण्यात आला. विक्री चांगली झाली आणि समीक्षकांचे मत एकंदरीत अनुकूल राहिले. पात्रांना वय व व्यवसाय देणे, त्यांच्यातील दुरावा मान्य करणे आणि धोक्याला खरे वजन देणे या गोष्टींचे विशेष कौतुक झाले. मुलांसाठी हा चित्रपट फार भीतिदायक आहे, असा आक्षेपही घेतला गेला. ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांच्यापैकी अनेकांच्या स्मरणात नेमकी ती भीतीच राहिली आहे.

पुढील चित्रपट

या यशानंतर 'द विचेस घोस्ट' (१९९९), 'एलियन इन्व्हेडर्स' (२०००) आणि 'सायबर चेस' (२००१) हे चित्रपट आले. त्यांचेही चित्रांकन मूक स्टुडिओने केले. पहिल्या दोहोंत अलौकिक किंवा परग्रहावरील घटक खरे आहेत, परंतु सोबत मुखवटाधारी लबाडही आहेत. म्हणजे जुना संकेत व नवा संकेत यांची तडजोड तेथे सुरू झालेली दिसते. २००२ मध्ये 'व्हॉट्स न्यू, स्कूबी-डू?' या मालिकेने तर मुखवट्याकडे पूर्ण माघार घेतली. त्याच वर्षी आलेल्या जिवंत अभिनेत्यांच्या 'स्कूबी-डू' या चित्रपटाचे कथानकही फुटलेली टोळी एका बेटावर पुन्हा एकत्र येते असेच आहे. थेट व्हिडिओसाठी बनलेल्या स्कूबी-डू चित्रपटांची संख्या पुढे तीसच्या वर गेली.

२०१९ मध्ये 'स्कूबी-डू! रिटर्न टू झोम्बी आयलंड' हा उत्तरभाग प्रदर्शित झाला. रहस्ये सोडवणे थांबवण्याचे वचन दिलेली टोळी सुटीसाठी नेमक्या मूनस्कार बेटावर पोहोचते. या वेळी मात्र बेटावरील मांजर-मानव हे चोरून चाललेल्या एका चित्रीकरणातील सोंग निघते. पहिल्या चित्रपटाच्या चाहत्यांना हा उलगडा रुचला नाही. ज्या बेटावर मुखवट्याचा नियम मोडला होता, तेथेच तो पुन्हा लागू करण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती.